आट्यांतली हातभर वाट

तार आत गेली!

सायकलच्या स्पोकची तार होती ती. जीपच्या इंजिनाचं हेड उतरवून झालं होतं, ब्लॉक लाकडी ठोकळ्यांवर उघडा बसला होता, आणि बोल्टच्या एकेका भोकात मी तार घालून बघत होते. एका भोकात ती दोन बोटं जाऊन तळाला टेकली. दुसऱ्यातही टेकली. तिसऱ्यात थांबलीच नाही. सरळ खाली गेली, कशाला तरी हलकेच आपटली, बाजूला वळली. बाहेर काढली तर टोकाला ओला, तांबडा गंजाचा गाळ.

"ते भोक आरपार हाय ताई," मिस्त्रीमामा मागून म्हणाले. "त्याच्याखाली पाणी खेळतंय."

माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षं आम्ही ज्या पाण्याचा शोध घेत होतो, त्याचा दरवाजा माझ्या समोर होता. आणि तो दरवाजा म्हणजे आमच्याच हातानं घट्ट कसलेला एक बोल्ट!

जीप आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९६७ सालची महिंद्राची सीजे-३बी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. इंजिनाशी माझा संबंध किल्ली फिरवण्यापुरता होता. आबा गेल्यावर जीप परड्यात उभी राहिली, मग एका उन्हाळ्यात मनानं घेतलं की हिला पुन्हा चालती करायची. इंजिन बांधून झालं, जीप चालू झाली, गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत मागं धावली, आणि आठवडाभरात कळलं की गाडी पाणी खाते. पन्नास-साठ किलोमीटर गेलं की रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी कमी. खाली थेंब नाही. होजपाइप कोरडे. हेडचं पॅकिंग बदललं, पुन्हा बदललं. एका गॅरेजनं रेडिएटरच बदलायला लावला. पाणी जातच राहिलं. फक्त हेडवर दोन-तीन बोल्टांच्या माथ्याभोवती तांबूस वर्तुळं उमटायची. हळदीकुंकवाच्या ताटाखाली डाग राहतो तशी. ती मी फडक्यानं पुसून टाकायचे. पुराव्याला पुसत होते मी!

त्या दिवशी स्पोक हातात धरून मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांच्या शेडमध्ये उभी होते, आणि पहिल्यांदा आट्यांकडे नीट बघितलं.

आपल्याला वाटतं, बोल्ट कसला की लोखंडाला लोखंड चिकटलं, आता मुंगीलासुद्धा वाट नाही. तसं नसतंच! बोल्टचे आटे आणि भोकातले आटे एकमेकांत सैलसर बसतात. सैल नसले तर बोल्ट फिरणारच नाही. कसल्यावर आट्यांची एकच बाजू दाबून बसते. दुसऱ्या बाजूला आणि आट्यांच्या शेंड्यापाशी केसाएवढी फट राहते. ती फट कुठंही तुटत नाही. गोल जिन्यासारखी ती बोल्टभोवती फिरत फिरत तळापासून वरपर्यंत येते. मी तिथंच एका पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. समजा ७/१६ इंची बोल्ट, इंचाला १४ आटे. एका वेढ्याची लांबी साधारण ३१ मिलिमीटर. एक इंच खोल बसलेल्या बोल्टभोवती असे १४ वेढे, म्हणजे जवळजवळ ४४ सेंटिमीटर. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा आपला हात असतो तेवढी. एका इंचात हातभर वाट! आणि तळाशी तापलेलं, दाबाखालचं पाणी, त्या वाटेच्या तोंडाशी उभं.

मग पाणी वर येणार नाही तर काय होईल?

ह्या इंजिनाविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण ते मला आता फार आवडतं. विलीज कंपनीच्या ह्या इंजिनाचं नाव हरिकेन. चार सिलिंडर, २१९९ सीसी. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. त्यामुळं इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून सीजे-३बीचं बॉनेट उंच करावं लागलं. आबांच्या जीपचं ते उंच कपाळ लहानपणापासून बघत आले, त्याचं कारण पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आणि हेडचा पाच नंबरचा बोल्ट! तो वरून दिसतच नाही. कार्ब्युरेटर जिथं बसतो त्याच्या खाली, हवा आत जाण्याच्या मार्गातच तो लपलेला आहे. कार्ब्युरेटर काढून टॉर्च मारला की दिसतो. बाकीचे सगळे बोल्ट काढून हेड निघत का नाही म्हणून माणसं हातोडी घेतात, तेव्हा हा एकटा आतून धरून बसलेला असतो. मामांनी तो दाखवला तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. ह्या बोल्टच्या आट्यांतून पाणी चढलं, तर ते बाहेर ठिबकणार नाही, डागही पडणार नाही. इंजिन ते श्वासाबरोबर आत ओढून घेईल आणि वाफ करून सायलेन्सरवाटे सोडून देईल. खाली थेंब नाही, होज कोरडे, आणि तांब्याभर पाणी गायब!

आता प्रश्न एकच. ही हातभर वाट बुजवायची कशानं?

मामांनी फळीवरून पत्र्याचा एक डबा काढला. आत शिशाचा सफेदा, जवसाच्या तेलात कालवलेला. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून नळाच्या जोडाला, बॉयलरला, इंजिनाला हाच लावायचे, वर सुताचे दोन वेढे. शेजारी शेलॅकची बाटली. पलीकडं सिलिकॉनची ट्यूब. आणि शेडमधल्या पोरानं आणलेली एक छोटी लाल बाटली, थ्रेडलॉकरची.

मी वर्गात पंधरा वर्षं बहुवारिकीकरण शिकवते, पॉलिमर कसे बनतात ते फळ्यावर काढते. आणि त्या फळीसमोर उभं राहून मला जे सुचलं त्यानं मी अक्षरशः मामांचा हात धरला. ह्या चारही वस्तू पातळ लावतात आणि पुढं घट्ट होतात. पण चौघींचं घट्ट होण्याचं कारण वेगवेगळं आहे!

सफेद्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं. क्रिकेटच्या बॅटला आपण लावतो ते तेच तेल. त्याचे रेणू प्राणवायूच्या मदतीनं एकमेकांना बांधले जातात. म्हणजे सफेद्याला हवा लागते. आट्यांच्या तोंडाशी तो कडक होतो, आत खोलवर वर्षानुवर्षं मऊ राहतो. आणि तो मऊपणा वाईट नव्हता, हे जुन्या माणसांना माहीत होतं. शिसं मात्र विष आहे, म्हणून तो डबा मी मामांना बंदच करायला लावला. त्याबाबतीत मी हट्टी आहे.

शेलॅक म्हणजे आपली लाख. पळसावर, बोरीवर, कुसुमाच्या झाडावर लाखेचे किडे जी राळ सोडतात, ती स्पिरिटमध्ये विरघळवलेली. स्पिरिट उडून गेलं की लाख मागं राहते. इथं काही जोडलं जात नाही, नुसतं उडून जातं. पॅकिंगच्या कागदाला लाख छान. पण ती ठिसूळ होते, आणि दर वेळी तापून थंड होणाऱ्या आट्यात ठिसूळ वस्तूचं काम नाही.

सिलिकॉन हवेतला दमटपणा पिऊन घट्ट होतं. ट्यूब दाबली की व्हिनेगरचा वास येतो ना, तो त्या क्रियेत सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा. केवढी गंमत, इंजिन बांधताना कोशिंबिरीचा वास! पण आट्यांच्या तळाशी दमट हवा पोचायची कशी? आणि जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला शेवेसारखं लोंबतं, तुटतं, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. सपाट जोडासाठी ठीक. आट्यांसाठी माझा त्याला ठाम नकार.

आणि ती लाल बाटली! तिनं मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

तिच्यातला द्रव हवेत घट्ट होतच नाही. हवा काढून घेतली की घट्ट होतो! सगळ्या जगाच्या उलटं. आत मेथाक्रिलेट प्रकारचे रेणू असतात, आणि त्यांना साखळीत ओवायला सुरुवात करून देणारं पेरॉक्साइड. पण भोवती प्राणवायू असेपर्यंत तो प्रत्येक सुरुवात तिथल्या तिथं मोडून टाकतो. बोल्ट कसला की त्या केसाएवढ्या फटीत हवा उरत नाही, लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन पेरॉक्साइडला फोडतात, आणि साखळी सुसाट पळत सुटते. जिथं वाट अरुंद तिथंच तो घट्ट होणार. बाहेर ओघळलेला थेंब तसाच पातळ राहतो, फडक्यानं पुसता येतो. म्हणूनच ती बाटली कारखान्यातून अर्धी रिकामी येते आणि तिचं प्लास्टिक हवा झिरपू देणारं असतं. आतल्या द्रवाला जागं ठेवायला हवा लागते! मी दुकानदाराशी भांडायला गेले होते अर्ध्या बाटलीबद्दल. आता तीच बाटली वर्गात दाखवते.

हे ज्यानं साधलं तो माझ्यासारखाच रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड गावी ट्रिनिटी कॉलेज आहे. तिथले व्हर्नन क्रीबल. त्यांचा मुलगा रॉबर्ट जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता. तिथं असा एक द्रव आधीच सापडला होता, पण तो पातळ ठेवायला त्यात सतत हवा फुंकत राहावं लागे, त्यामुळं तो विकणं अवघड. ही अडचण मुलानं वडिलांच्या कानावर घातली. १९५३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, क्रीबलसरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असं मिश्रण तयार केलं जे साध्या बाटलीत पातळ राहील आणि बोल्टवर घट्ट होईल. लॉकटाइट हे नाव त्यांच्या सुनेनं सुचवलं, आणि १९५६ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला ते जगासमोर आलं. लेक अडचण आणतो, वडील उत्तर काढतात, सून नाव ठेवते!

मी लगेच प्रयोग केला. एक थेंब काचेच्या पट्टीवर, एक थेंब पितळी नट-बोल्टात, एक स्टेनलेसच्या नट-बोल्टात. काचेवरचा दुसऱ्या दिवशीही पातळ. पितळेचा नट बघता बघता हाताला हलेना. स्टेनलेसचा मात्र किती तरी वेळ फिरत राहिला, कारण त्या धातूचे आयन सहज सुटत नाहीत. बारावीची मुलं आळीपाळीनं पाना फिरवत होती, आणि मुक्त मूलकांची अभिक्रिया समजली का, असं मला त्या वर्षी विचारावं लागलं नाही.

मग मी मामांना म्हणाले, ठरलं, हेडच्या बोल्टांना हेच लावायचं. त्यांनी मान हलवली.

"आणि गरम झाल्यावर पुन्हा कसणार कसं?"

किती अचूक प्रश्न! हेड पहिल्यांदा तापून थंड झालं की पॅकिंग थोडं दबतं, बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासून कसावे लागतात. लाल बाटलीतला द्रव तोवर दगड झालेला. बोल्ट फिरवला की तो दगड तडकणार, आणि हातभर वाट पुन्हा मोकळी. शिवाय पुढं कधी हेड काढायचं तर कडक प्रकाराला २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय तो सोडत नाही. घट्ट धरणं हे एक काम आहे, वाट बुजवणं हे दुसरं. हेडचे बोल्ट स्वतःच्या ताणानंच धरून बसतात, त्यांना कुलूप नको होतं. त्यांना हवी होती अशी वस्तू जी कधीच वाळणार नाही, सरकली तरी सरकत्या जागेत भरून राहील. मामांच्या सफेद्यासारखी, पण विषाशिवाय.

ती उद्यमनगरातच, चार दुकानं पलीकडं होती. टेफ्लॉनची पूड मिसळलेली पांढरी, न वाळणारी पेस्ट. टेफ्लॉन १९३८ साली सापडलं तेव्हा रॉय प्लंकेट यांनी रिकामं वाटणारं गॅसचं नळकांडं करवतीनं कापलं आणि आत पांढरी पूड निघाली, हे मी दरवर्षी शिकवते. ती पूड एक दिवस आबांच्या जीपमध्ये जाईल हे कुठं ठाऊक होतं! ट्यूबवर पाणी आणि कूलंट चालतं का, किती तापमान सोसते, एवढं मी तिथंच उभ्यानं वाचून घेतलं.

पण पेस्ट लावली की एक नवीनच गोष्ट समोर येते, आणि ती मला सगळ्यात सुंदर वाटली. टॉर्क रेंचवर आपण जो जोर लावतो, त्यातला ढोबळ मानानं निम्मा बोल्टच्या माथ्याखालच्या घर्षणात जातो, आणखी चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला, म्हणजे खऱ्या कामाला, उरतात दहा टक्के! आटे जरा निसरडे झाले तर घर्षणातला वाटा घटतो आणि त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. ह्या हेडसाठी पुस्तकात ६० ते ७० फूट-पौंड दिले आहेत. मामा आजवर हातानं अंदाज घ्यायचे आणि त्यांचा हात चुकत नाही, पण त्यांचा हात कोरड्या आट्यांवर तयार झालेला. म्हणून रेंच घेतला, मधून बाहेर अशा क्रमानं तीन फेऱ्यांत कसलं, आणि ६५ वर थांबलो.

त्याआधी दोन दिवस नुसती सफाई. आट्यांतला जुना गंज आटे साफ करायच्या टॅपनं काढला. नवे आटे पाडायचा टॅप घातला असता तर लोखंडच कापलं गेलं असतं. मग पेट्रोलनं धुतलं, आणि पेट्रोलचा तेलकटपणा ॲसिटोननं. बुडाची भोकं, म्हणजे जिथं तार टेकली होती ती, हवा मारून ठणठणीत कोरडी केली. तिथं तेलाचं किंवा पेस्टचं डबकं राहिलं आणि वरून बोल्ट आला तर द्रवाला जायला जागा नसते. तो दाबला जात नाही, ब्लॉक तडकतो. साठ वर्षांचं बीड तडकलं तर परत कुठून आणायचं? त्या भोकांच्या बोल्टांना आम्ही फक्त बोटावर येईल एवढं इंजिन ऑइल लावलं. आरपार भोकांना पेस्ट, आट्यांभोवती पूर्ण. पाच नंबरच्या बोल्टला मी स्वतः, ब्रशनं, दोनदा.

ऑइलच्या वाटांची गोष्ट आणखी निराळी. ब्लॉकमधल्या ऑइलच्या नळ्या टोकाला प्लगनं बंद असतात, आणि त्या प्लगचे आटे निमुळते, सोळा भागांना एक भाग बारीक होत जाणारे. कसत गेलं की ते पाचरीसारखे रुततात. तरी त्यांच्यातही ती नागमोडी फट उरतेच, म्हणून तिथं ती लाल बाटली, मध्यम ताकदीची. तिथं पुन्हा कसायचं नसतं, आणि थरथरीनं प्लग सैल झाला तर ऑइलचा दाबच जाईल. मी आधी तिथं नळाला लावतो ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. मामांनी एक प्लग उघडून दाखवला. आतल्या टोकाला टेपची दोरी सुटून लोंबत होती. ती तुटून ऑइलबरोबर गेली असती तर केसाएवढ्या छिद्रापाशी अडकून एखादं बेअरिंग कोरडं पडलं असतं. तापमानाच्या सेंडिंग युनिटला तर टेप आणखी नको, कारण मीटरची वीज परत जाते ती त्याच्या आट्यांतूनच. तिथं पेस्टचा पुसटसा हात, पहिले दोन आटे मोकळे.

सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड तांब्याच्या ग्रीसवर, बाकी काही नाही, तिथल्या आचेत सगळं जळतं. कनेक्टिंग रॉडच्या नटांना नुसतं ऑइल आणि मोजलेला टॉर्क.

रविवारी सकाळी पाणी भरलं. ऑइल प्लगांना चोवीस तास होऊन गेले होते. मी सेल्फ मारला, हरिकेननं दोन-तीन आचके दिले आणि ते बोलू लागलं. परड्यातल्या शेवग्यावरून कावळे उडाले. आई ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांच्या वेळचा आवाज आहे हा." अर्धा तास चाललं, बंद केलं, पूर्ण थंड होऊ दिलं, बोल्ट पुन्हा तपासले. दोन बोल्टांनी किंचित घेतलं, आणि पेस्ट त्यांच्याबरोबर सरकली.

मग पन्हाळ्याचा घाट चढून आलो, मामा शेजारी. परतल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी जिथं होतं तिथंच. मी बॉनेट उघडून हेडवरच्या प्रत्येक बोल्टच्या माथ्याभोवती बोट फिरवलं. कोरडं. कोरडं. कोरडं. तरी मन राहिना. मामांना म्हणाले, कार्ब्युरेटर काढूया.

"आत्ता?"

"आत्ता."

त्यांनी न बोलता पाना घेतला. मी टॉर्च धरला. आत, अंधारात, पाच नंबरचा बोल्ट होता, त्याच्या भोवती ब्रशची एक पांढरी रेघ अजून तशीच, आणि बाजूचं लोखंड खणखणीत कोरडं.